मार्थाअक्कांची आई

सुई टोचण्याआधी मार्थाअक्का रोग्याला विचारत, "तुना देव कोनता शे? ले त्यानं नाव." म्हातारा डोळे मिटून सप्तशृंगीला हाक मारेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आलेली असे. अमळनेरच्या आमच्या लहानशा दवाखान्यात मी नवखी परिचारिका म्हणून लागले, तेव्हा गळ्यात क्रूस घातलेल्या या बाईंच्या तोंडून दिवसभर इतरांचे देव ऐकून मला गंमत वाटायची.

अक्का शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. नर्सिंग शिकायला धुळ्याला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वडिलांनी गावात सांगून टाकलं, "आमनी पोर मरी गई." ठरलेलं लग्न मोडलं, घराचं दार बंद झालं. "पश्चात्ताप होतो का?" असं मी एकदा विचारलं. अक्का म्हणाल्या, "प्रभूचा नाही होत. आईचा होतो."

वडील गेल्यावर काही वर्षांनी भावाचा फोन आला. आई पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि तिचं करणारं घरी कुणी नव्हतं. अक्कांनी दुसऱ्याच दिवशी गाडी करून तिला अमळनेरला आणलं. तिला उचलून खाटेवर ठेवायला मीही होते. माउलीने कमरेची पिशवी सोडली. आत फडक्यात गुंडाळलेले पितळी देव होते. लेकीकडे न बघता ती म्हणाली, "तुना घरमा मना देव चालतीन का व?"

अक्कांनी खिडकीजवळची फळी त्या देवांसाठी रिकामी केली.

गोष्ट चर्चमध्ये पोहोचली. अक्का तिथे दर रविवारी मुलांना शिकवत, आणि तो वर्ग त्यांचा जीव की प्राण होता. चर्चमधले एक वडीलधारे गृहस्थ घरी आले. अतिशय नम्रपणे म्हणाले, "ताई, घरात मूर्ती ठेवून मुलांना काय शिकवणार? तुम्हीच ठरवा."

"ठरवलं," अक्का म्हणाल्या. "देवासाठी आईला एकदा सोडलंय. पुन्हा नाही सोडणार."

पुढच्या रविवारी त्या वर्ग सोडून शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. वर्गातली मुलं समोरून गेली तेव्हा अक्कांनी मान खाली घातली, हे त्यांनीच मला सांगितलं. पण खरं दुखणं वेगळंच होतं. आपला प्रभू आईने स्वीकारला नाही, तर मरणानंतर तिची आपली भेट नाही, ही भीती त्यांना पोखरत होती. त्यांनी आईला सांगूनही पाहिलं होतं. आई म्हणाली, "तुना देव चांगला शे, पोर. पन आते म्हातारपनमा मी घर बदलू का?"

शेवटच्या आठवड्यात आईचं खाणं सुटलं. एका दुपारी मी सलाईन लावायला गेले होते. आई अक्कांना म्हणाली, "तू डोया मिटीसन रोज काय म्हनस? आज जोरमा म्हन." अक्कांनी तिच्या उशाशी बसून मोठ्याने प्रार्थना म्हटली. आईने संपेपर्यंत हात जोडून ठेवले. दोन दिवसांनी ती गेली.

भाऊ आला, हिंदू रीतीने दहन झालं. नंतर तेच गृहस्थ भेटायला आले. आईने हात जोडल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे शेवटी त्यांनी प्रभूला स्वीकारलं! तसं सांगितलंत तर वर्ग पुन्हा तुमचाच."

अक्कांनी एक 'हो' म्हटलं असतं तर मुलं परत मिळाली असती, शिवाय मनातल्या भीतीलाही उतारा मिळाला असता.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "लेकीचं मन राखायला ती ऐकत होती. मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं नाही सांगायचं."

निवृत्तीनंतर अक्का धुळ्याला राहायला गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा धीर करून विचारलं, "अक्का, आई वर भेटेल असं आता वाटतं का?"

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे रिकामी करून द्यायला एक फळीच होती. प्रभूकडे तर एवढं मोठं घर आहे. बघू, काय करतो ते."

मागच्या वर्षी अक्काही गेल्या. धुळ्याच्या दफनभूमीत मूठभर माती टाकताना माझ्या शेजारी एक धोतरातला म्हातारा उभा होता. तो त्यांचा भाऊ होता. माती टाकून त्याने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मनी बहीन शे ही."