हाल्वर ब्रेकेचे खांब

माझा भाऊ हाल्वर कुठलंही काम एकदाच करायचा आणि पक्कं करायचा. लाकडाचं म्हणतेय मी. लग्न त्याने एकदाही केलं नाही. ग्रनलँड कॉलेजात तो सुतार होता आणि मी तिथल्याच भोजनगृहात स्वयंपाकाला. एका घरात राहायचो, आणि गावाला पुरून उरेल एवढा हेकटपणा आम्हा दोघांत होता. बराचसा त्याचा.

कॉलेजात आला त्याच वर्षी त्याने फुटबॉलच्या मैदानावर गोलचे खांब घातले. पांढऱ्या ओकचे, कंबरभर खोल पुरलेले, बुडाशी काँक्रीट. "वादळात चर्च पडेल, पण हे पडायचे नाहीत," असं पाद्रीबाबांच्या तोंडावर म्हणाला होता.

पण आमच्याकडची रीत उलटी. मोठा सामना जिंकला की पोरं मैदानात घुसतात, खांबांना लोंबकळून ते मोडतात आणि एकेक ढलपी खिशात घालून घरी नेतात. नदीपलीकडच्या सेंट ओस्विन कॉलेजात हे वर्षाआड, सामना त्यांच्या मैदानावर असला की, व्हायचंच, कारण ते कॅथलिक लोक आम्हाला न चुकता हरवायचे. तिथला सुतार पॅट कीगन लाकडाच्या वखारीत भेटला की मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "पुन्हा नवे खांब करायचेत बाबा! तुझं बरं आहे, हाल्वर. तुझे तुला पुरून उरणार."

हाल्वर घरी येऊन कॉफी ढवळत बसायचा. साखर घालायचं भान नसायचं, पण ढवळायचा.

त्रेपन्न सालच्या नाताळात तो निवृत्त होणार होता. सप्टेंबरात एकदा जेवताना म्हणाला, "रॅग्ना, एकदा तरी मोडायला हवे होते गं."

मला हसू आलं. मग त्याचं तोंड पाहिलं आणि घास तसाच राहिला.

"सतरा वर्षं उभे आहेत," तो म्हणाला. "कोणी कधी आनंदाने हातसुद्धा लावला नाही."

तोवर त्याने त्या खेळाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मलाही त्यात काय आहे ते कधी कळलं नाही. नाव फुटबॉल, आणि चेंडू काखेत मारून पळायचं, नि बाकीच्यांनी अंगावर पडायचं! पण त्या शरदात हाल्वर रोज सरावाला जाऊन उभा राहू लागला. पहिल्याच सामन्यात आमच्या पोरांनी असा सपाटून मार खाल्ला, की संध्याकाळी माझे मीटबॉल पातेल्यात तसेच उरले. हे आमच्याकडे मरणाच्या घरीही होत नाही.

संघाचा कप्तान डेल हॉवलँड कोरियाच्या लढाईवरून परतलेला. बायको होती, तान्ही मुलगी होती. पोरगी रात्रभर रडायची आणि डेल सकाळी माझ्यासमोर लापशीच्या वाडग्यात डुलक्या घ्यायचा. हाल्वरने ते पाहिलं.

"शुक्रवारी पोर आमच्याकडे आणून टाक," तो डेलला म्हणाला.

"मिस्टर ब्रेके, तुम्हाला पोरं सांभाळता येतात?"

"रॅग्नाला येतात."

मला कुठली येतात! पण शुक्रवार आला की ती छोटी मार्लिस आमच्या घरी यायची, आणि हा थोराड माणूस तिला खांद्यावर टाकून स्तोत्रं म्हणत फेऱ्या मारायचा. स्तोत्रं बेसूर, पण तिला चालायची. शनिवारी डेल ताजातवाना मैदानात उतरायचा. दुसरा सामना जिंकला, तिसराही जिंकला. मग जिंकतच सुटले. गावात जो तो नव्या डावपेचांचं कौतुक करी. मी आणि हाल्वर एकमेकांकडे बघून गप्प बसायचो.

शेवटचा सामना सेंट ओस्विनशी, आमच्या मैदानावर. कडाक्याची थंडी होती आणि कॉफीचं पिंप घेऊन मी कडेला उभी होते. आमचे सात गुण, त्यांचे सहा. अगदी शेवटी त्यांच्या पोराने खांबांमधून काढायला चेंडू लाथाडला. तो गेला असता तर त्यांना तीन गुण मिळाले असते आणि आम्ही मेलोच होतो. चेंडू हाल्वरच्या खांबावर ठाणकन आदळला आणि मागे पडला. शिट्टी झाली. जिंकलो!

अख्खं गाव खांबांकडे धावलं. तेवढ्यात प्राचार्य स्टेनस्रूड भोंग्यातून ओरडले, "थांबा! या खांबांनी आज आपली लाज राखली. यांना कोणी हात लावायचा नाही. आपण इथे पितळी पाटी लावू!"

आणि ती पोरं थांबली हो! कॅथलिक असते तर ऐकलंही नसतं. आमची पडली प्रॉटेस्टंट, लूथरची लेकरं. मोठ्यांनी सांगितलं की संपलं. काहींनी तर टोप्या काढल्या.

"पाटी," हाल्वर माझ्याशेजारी पुटपुटला. "थडग्यावर लावतात तशी."

माझं डोकंच फिरलं. हातातला डाव पिंपावर आपटून मी ओरडले, "अहो प्राचार्य, ज्याने केले त्याला विचारलंत का?"

सगळे वळून बघू लागले. चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माझा भाऊ लालबुंद झाला. "मोडा रे!" तो म्हणाला. "पाइनचा असता तरी चेंडू परतच आला असता. मोडा म्हणतो ना!"

आणि स्वतःच धावत सुटला. उडी मारली, पण आडव्या दांड्यापर्यंत हात पोचेना. डेलने त्याला खांद्यावर उचललं. तो लोंबकळला आणि मग त्याच्याभोवती सगळे.

खांब हलेना. पोरं लटकली, घसरली, पुन्हा लटकली. पाहुण्यांच्या गर्दीतून पॅट कीगन कोट काढत आला. "मेल्या, खाली आजोबाला पुरलंयस की काय?" म्हणत तोही चिकटला. शेवटी प्राचार्यांनी हॅट गवतावर ठेवली.

ओक करकरला. मग असा आवाज झाला की नदीपलीकडे गेला असेल. त्या ढिगाऱ्यातून हाल्वरची हाक आली, "रॅग्ना! मोडला गं!" तो हसत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मीही तशीच. इतका सुखी मी त्याला जन्मात पाहिला नव्हता.

निवृत्त होण्याआधी त्याने नवे खांब केले. प्राचार्य बघायला आले, त्यांनी खांबावर नुसता तळवा टेकला तर तो डुलला. बारीक पाइनचा, जेमतेम वीतभर पुरलेला.

"हाल्वर, हे कसले? हे टिकणार नाहीत!"

"का टिकावेत?" हाल्वर म्हणाला. "आपली पोरं आता जिंकतात."