दुरुस्त केलेला जबाब

"उभ्या राहा ताई. तुमचं वाक्य तुम्हीच वाचा. कॉमा-फुलस्टॉपसकट."

सर म्हणाले आणि मी उभी राहिले. यवतमाळला आमच्या संस्थेच्या कार्यालयात शनिवारची बैठक चालू होती. आम्ही गावोगाव फिरून माहिती आणणारे अकरा कार्यकर्ते सतरंजीवर. सर, म्हणजे संस्थेचे संचालक, खुर्चीवर. त्यांच्या शेजारी मुंबईहून आलेले दोन पाहुणे, हातात कचोरीच्या प्लेटा.

मी वाचलं. "ही वॉज स्प्रेइंग मेडिसिन ऑन कॉटन कॉमा मेडिसिन वेन्ट इन आईज कॉमा ही फेल डाऊन कॉमा ओनर सेड गो होम कॉमा..." असं पानभर. फुलस्टॉप शेवटी एकच होता. तोही वाचला.

"मेडिसिन!" सर पाहुण्यांकडे वळले. "काय हो ताई, कापसाला ताप आला होता का?"

सगळे हसले. पाहुण्या बाईंना तर ठसका लागला. मीही हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले.

आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. दुकानदार औषध म्हणतो, शेतमालक औषध म्हणतो. फवारता फवारता कोसळलेला मजूर दवाखान्यात डॉक्टरांनाही हेच सांगतो की औषध लागलं. मी औषधाचं इंग्रजी केलं. माझ्या दहावीच्या गाइडात तेच दिलं होतं.

हे दर शनिवारी चालायचं. सरांची एक लाल वही होती. आठवडाभर आमच्या अहवालांतली वाक्यं ते तिच्यात उतरवून घ्यायचे आणि चहाबरोबर काढायचे. 'टू चिल्ड्रन्स' लिहिणारा उभा. 'डिस्कस अबाउट' लिहिणारा उभा. मी अनेकवचन केलं की एसच्या आधी वर एक शेपटी टाकायचे, का टाकायचे ते मलाही सांगता येणार नाही, छान दिसायची एवढंच. त्या शेपट्यांवर सरांनी एकदा अर्धा तास घालवला. मग म्हणाले, "तुमच्याकडे पदवी लवकर मिळते, नाही?" तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे, ते खोलीत सगळ्यांना कळलं. माझ्या घरी भिंतीवर कोणाचे दोन फोटो आहेत ते सरांनी बघितलं होतं. 

पहिल्या वर्षी रडू यायचं. दुसऱ्या वर्षी राग यायचा. तिसऱ्या वर्षी काहीच येईना. उभं राहायचं, वाचायचं, बसायचं. अंगावरून पाणी गेल्यासारखं.

त्या शनिवारी वाचलेला जबाब देवरावमामांचा होता. घाटंजीकडच्या एका खेड्यातले, माझ्या आईच्या माहेरच्या ओळखीचे, म्हणून मामा. रोजमजुरीनं फवारणीला जायचे. त्या वर्षांत कपाशीवर अळीनं कहर केला होता. एका औषधानं मरेना म्हणून मालक लोक दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवून देत. कपाशी डोक्याच्या वर गेलेली. फवारा मारला की तो आपल्याच तोंडावर यायचा. मामांचा डावा डोळा गेला. उजव्यातून सगळं धुरकट दिसायचं.

त्यांच्या मदतीच्या अर्जाला संस्था हा जबाब जोडून जिल्ह्याच्या कार्यालयात पाठवणार होती. मजुरानं स्वतःच हयगय केली असं त्यात निघालं तर मदत मिळणार नव्हती. हे मला ठाऊक होतं. सरांनाही होतं.

माझी एक पद्धत होती. माणूस बोलेल ते मराठीत टिपायचं, घरी बसून इंग्रजी करायचं, मग परत गावात जाऊन ते इंग्रजी आपल्या बोलीत वाचून दाखवायचं आणि तेव्हाच खाली अंगठा घ्यायचा. बाकीचे कार्यकर्ते आधी कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन ठेवत, दोन खेपा वाचायच्या. मला ते जमलं नाही. माझ्या आजोबांचा अंगठा एकदा न वाचता घेतला गेला होता. त्या एका अंगठ्याची गोष्ट ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो.

मंगळवारी सरांनी दुरुस्त केलेला जबाब टाइप होऊन आला. सुंदर इंग्रजी होतं, खोटं कशाला बोलू. वाक्यं आखूड, प्रत्येकाला आपापला फुलस्टॉप. मेडिसिनचं पेस्टिसाइड झालं होतं, ते बरोबरच होतं. माझ्या शेपट्या गेल्या होत्या. शिकायला मिळेल म्हणून मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना कळलं की मालकही गेला होता.

मी लिहिलं होतं, मालक म्हणाला तोंडाला रुमाल बांध आणि जा. टाइप केलेल्या कागदात मालक कुठेच नव्हता. मामा आपले आपण शेतात गेले होते, आपले आपण फवारत होते, आपले आपण पडले होते. आणि शेवटी अवतरणचिन्हांत एक वाक्य होतं, 'मी पुरेशी काळजी घेतली नाही.' सरांनी फळ्यावर शिकवल्याप्रमाणे मामांचं शेवटचं वाक्य मी अवतरणात दिलं होतं; त्यातली दोन चिन्हं तेवढी माझी राहिली होती. मधलं वाक्य सरांचं होतं.

मला काही वाटलं नाही. चांगल्या इंग्रजीत असंच लिहीत असतील, असं वाटलं. तीन वर्षं उभं राहून मी इथवर आले होते. खाली कार्यकर्ता म्हणून माझ्या सहीची जागा होती, तिच्याशेजारी मामांच्या अंगठ्याची. मी कागद पिशवीत घातला आणि एसटी पकडली.

मामा ओसरीत बसले होते. मी शाईचा डबा काढला तसा त्यांनी स्वतःहून अंगठा शाईत टेकवून घेतला. माझ्यावर तेवढा विश्वास होता. मी म्हटलं, "थांबा मामा, वाचतो पहिले." आणि वाक्यामागून वाक्य आपल्या बोलीत सांगत गेले. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटचं वाक्य झालं. शाई लागलेला अंगठा तसाच वर होता.

"मालक कुठी गेला?" त्यांनी विचारलं.

"त्याहीनं नाई लिवला."

"काहून?"

"इंग्रजी सुधरवलं, मामा."

"मले मालकानं पाठवलं तं म्या गेलो. हौसेनं गेलतो काय?" आवाज चढला नव्हता. "तू वाचून राह्यली, मी आयकून राह्यलो. पण हे माह्यं बोलणं नोहे. हे मी आपल्या तोंडानं काहून म्हणू?"

आणि त्यांनी अंगठा पायजाम्याला पुसला. सावकाश, दोन वेळा.

तिथं माझं काहीतरी तुटलं. अक्षर न ओळखणारा माणूस, एका डोळ्यानं आंधळा. त्यानं एकदा ऐकलं आणि हात मागे घेतला. मी बी.ए. झालेली बाई, तीन वेळा वाचून अंगठा घ्यायला आले होते. मला स्वतःची शिसारी आली. कित्येक महिन्यांनी काहीतरी वाटलं, ते हे.

"तुहावालं कुठी हाय?" मामा म्हणाले.

माझा पहिला कागद पिशवीतच होता. लाल शाईनं भरलेला. मी तो वाचला, मेडिसिनसकट. मामा प्रत्येक वाक्याला हूं म्हणत गेले. मग त्यांनी पुन्हा शाई घेऊन त्या लाल रेघांच्या खाली अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "देवरावमामांनी टाइप केलेल्या कागदावर अंगठा दिला नाही."

"का?"

"वाचून दाखवलं म्हणून."

 सर म्हणाले, "तुम्हाला अंगठा घ्यायला पाठवलं होतं ताई, वाचायला नाही. त्यांना इंग्रजी कळतं का?"

"त्यांनी काय सांगितलं ते त्यांना कळतं."

"मालकाचं नाव घेतलं तर उद्या त्या गावात पाऊल ठेवता येईल आपल्याला? आणि हे तुमचं मेडिसिन-मेडिसिन मी वर पाठवू? हसतील लोक."

"हसू द्या," मी म्हटलं. "तुम्हीच फळ्यावर शिकवलं होतं सर, त्या चिन्हांच्या आत दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवायचं. हे मामांचं बोलणं नाही. मी सही करणार नाही."

मी टाइप केलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. 

"विचार करा," सर म्हणाले. "असलं इंग्रजी घेऊन तुम्हाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार?"

 पुढे खरंच कोणी ठेवून घेतलं नाही. मी राजीनामा मराठीत लिहिला, चार ओळींचा, शनिवारच्या बैठकीत सरांच्या पुढ्यात ठेवला आणि बाहेर पडले. सतरंजीवरच्या दहा जणांपैकी कोणी मान वर केली नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. मीही कधी केली नव्हती.

मामांचा जबाब आम्ही दोघांनी मराठीत पुन्हा लिहिला, तालुक्याला जाऊन दिला, शिक्का मारून पोच घेतली. मदत आली नाही. मालकाला कोणी विचारायला गेलं नाही. मामांचा डोळा तर यायचा नव्हताच. आता ते गावातल्या शेळ्या राखतात, धुरकट डोळ्यानं.

माझं इंग्रजी अजून चुकतं. शेपट्या नको तिथे पडतात. मी शिकते आहे, रोज एक पान लिहिते, पण चुकीबद्दल कोणासमोर उभी राहत नाही.

जवळपासच्या खेड्यांतून फवारणीवाले येतात, सरकीच्या कारखान्यात बोटं गेलेल्या बाया येतात. त्यांचे जबाब मी माझ्या घराच्या दारात बसून लिहिते. फुकट. पूर्ण झाला की वाचून दाखवते आणि नाही म्हटलं की फाडते. पूर्वी मी मजुराच्या नावानं सुरुवात करत असे. आता त्याला कामावर कोणी पाठवलं ते पहिलं विचारते, आणि त्या माणसाचं पूर्ण नाव पहिल्या ओळीत लिहिते.