शाल, नारळ आणि माझा स्टेटस

मी एका पेशंटचा शाल-नारळ देऊन सत्कार केला आणि त्याचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावला.

उरणला एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत आमचं मेथाडोनचं केंद्र आहे. पावडर, म्हणजे गर्द, ओढणाऱ्याने रोज सकाळी यायचं, सिस्टरांसमोर पातळ औषध प्यायचं, म्हणजे पावडरीची तलफ येत नाही. पाजायचं काम सिस्टरांचं. माणसं येत राहतील हे बघायचं काम माझं. मी समुपदेशक, म्हणजे बोलण्याचा पगार घेणारा.

हा पेशंट ट्रेलर चालवायचा. मिठागरवाल्यांच्या घरातला, अंगाने दांडगा. बंदराच्या रांगेत गाडी अडकली की रात्र काढायला म्हणून सुरू केलेली पावडर त्याच्या मानेवर बसली होती. औषध खरंच गिळलंय हे कळावं म्हणून पेशंटने नंतर काहीतरी बोलायचं असतं. बाकीचे ‘राम राम’ म्हणायचे. हा माझ्याकडे बघून म्हणायचा, “सर, पोट आज तुमच्या आधी पोचला.” सिस्टर हसायच्या, मी पोट आत घ्यायचो. तो उशिरा आला तर मला चैन पडायचं नाही.

गावात त्याने पित्ताचं औषध म्हणून सांगितलं होतं. खरं फक्त बायकोला ठाऊक. आणि मला.

त्या वर्षी त्याने होळीला खाडा केला नाही, गावच्या जत्रेलाही नाही. माझा ऊर भरून आला. आमच्याकडे पोरगं दहावी पास झालं तरी सत्कार होतो, मग हा तर मरणाच्या दारातून परतलेला! शिवाय हातात नारळ आला की मला चहूकडे सत्कारमूर्तीच दिसतात. शाल पांघरताना तो म्हणाला, “सर, ऱ्हाऊ दे ना.” मला वाटलं, लाजतोय. मी भाषण ठोकलं. फोटोवर लिहिलं, ‘नशेवर मात करणारा आमचा वाघ!’ माझ्या मेहुणीचं सासर त्याच्याच गावात. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी खूश.

दुसऱ्या दिवशी मालकाने त्याच्याकडून ट्रेलरची चावी काढून घेतली. गर्दुल्ल्याला गाडी देत नाही म्हणाला. तो केंद्रावर आला नाही.

मी त्याच्या घरी गेलो. ओटीवर बसला होता. “मालकाशी मी बोलतो,” म्हटलं.

“नको. तुमी आता कुनाशी बोलू नका, सर.”

“मग औषधाला तरी ये.”

“उद्या येतो.”

त्याच्या वेळेला मी फाटकात जाऊन उभा राहायचो. सिस्टर आतून विचारायच्या, “दिसतोय का?” स्कूटर घेऊन पुन्हा पुन्हा गेलो. पुढे पुढे दारातूनच त्याच्या बायकोचा आवाज यायचा, “घरी न्हाय.”

मग त्याने पुन्हा पावडर घेतली, पूर्वी घ्यायचा तेवढीच. मधे खंड पडला की शरीराला ती झेपत नाही. हे पेशंटना मीच शिकवतो, भिंतीवर चित्रं लावून. मिठागराच्या बांधावर सापडला तो.

दहाव्याला खाडीकाठी गेलो. आमच्याकडे दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं होतात. माइक या हातातून त्या हातात फिरत होता. कुणीतरी मला ओळखलं. “सायेब, तुमी दोन शब्द बोला.”

नाही म्हणायचं की नाही? मी उठलो. काय बोलायचं तेही घरून ठरवून आलो होतो. माइक घेतला, घसा खाकरला, “आमचा हा वाघ…” एवढंच म्हणालो, तोच बायकांमधून त्याची बायको उभी राहिली.

“बस खाली, भाऊ. तुजे कौतुकानंच गेला तो.”