तेल लावलेला आरोपी

रंगपंचमीला रहाडीत उडी मारायची तर आधी अंगाला तेल चोपडावं लागतं, नाहीतर रंग आठवडाभर कानामागे मुक्काम ठोकतो. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद. जुन्या नाशकात तो वर्षातून एकदाच उघडतात, रंगानं भरतात आणि माणसं त्यात धपाधप उड्या टाकतात. त्या दुपारी धाकट्या भावाला मीच तेल लावलं, आणि हात आखडता घेणं आमच्या घरात कुणाला जमतच नाही. खोबरेलाची अख्खी बाटली त्याच्या अंगावर संपली. भाऊ तसाही हवेतच होता. पोलीस भरतीत त्याची निवड झाली होती, आता फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती.

रहाडीपाशी रेटारेटी झाली आणि बंदोबस्ताची दोरी तुटली. हवालदारांनी समोर दिसला त्याचा हात धरला, आणि समोर दिसला तो आमचाच. चौकीत चल म्हणेपर्यंत हात सुळकन निसटला. त्यांनी दंड धरला, तोही निसटला. मग भाऊ जो धावत सुटला तो सरळ रहाडीत. हवालदार काठावरून त्याला बाहेर बोलवत होते. लोकांना वाटलं, त्यांनाही उडी मारायचीय, म्हणून लोक टाळ्या वाजवायला लागले. मी हसून हसून खालीच बसले.

शेवटी रहाडीतून बाहेर आल्यावर भाऊ चौकीत पिवळाजर्द उभा होता, तेव्हाही मला हसू आवरत नव्हतं. फौजदारसाहेब बोलायला लागले आणि ते आवरलं. ढकलाढकली समज देऊन मिटली असती, ते म्हणाले, पण पोलिसांनी कायद्यानं धरल्यावर झटकून पळणं हा वेगळाच गुन्हा. ढकलाढकलीच्या तक्रारीत काही निघालं नाही, तरी हा मागे उरू शकतो, आणि दोन वर्षांपर्यंत आत बसवू शकतो. हवालदारांना लागलं असतं तर कलम आणखी जड. गुन्हा नोंदला की भरतीचं काय होणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मी तेलाची हकीकत सांगितली, बाटलीसकट. साहेबांना पटेना, म्हणून त्यांनी हवालदारांना पुन्हा मनगट धरायला लावलं. भाऊ जागचा हलला नाही, तरी हात सुळकन बाहेर. दोन्ही हातांनी धरलं, तेच. शेवटी साहेबांनी स्वतः धरून पाहिलं आणि रुमाल मागितला.

"लय गुळगुळीत हाय, साहेब," हवालदार म्हणाले, आणि सगळी चौकी हसायला लागली. मीही हसत सुटले.

साहेब मात्र शांतपणे हात पुसत होते.

"हात तेलानं सुटला, मान्य. पाय कशानं पळाले?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "घाबरलो, साहेब. भरती जाईल असं वाटलं."

साहेबांनी हवालदारांकडे पाहिलं. त्यांनी, जाऊ द्या, पोरगं आहे, अशी मान हलवली. गुन्हा नोंदला नाही. आम्ही निघालो तेव्हा साहेबांनी भावाला थांबवलं.

"उद्या तुझ्याही हातातून कुणीतरी पळेल. त्याला धर. पण लिहायला बसण्याआधी विचार, का पळाला ते."

हो साहेब म्हणताना भाऊ रडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची थट्टा करावीशी वाटली नाही.