पाठीला पाठ

सन १९३१, कार्तिक वद्य पंचमी. स्थळ नागाव, आमच्या घराची पडवी. रक्कम पंधरा रुपये – माझी धाकटी बहीण गोदावरी हिच्या शिक्षणाची सहा महिन्यांची फी. हजर: अप्पा वैद्य, त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, गोदू आणि मी. पैसे मी दिले, अप्पांनी घेतले.

हे एवढं काटेकोर सांगतो, कारण पुढचा मजकूर वाचून मी भोळा आहे असं कुणाला वाटायला नको. नारळ-सुपारीची वाडी आणि गावातल्या दोन दुकानांचं हिशेबाचं काम, यावर माझं घर चालतं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जातो. आजही जातो. पण ही गोष्ट माझ्याच पडवीत, भर दुपारी, माझ्यासमोर घडली... आणि तिचा हिशेब मला अजून लागत नाही.

अप्पा वैद्य फक्त आवाजावर इलाज करत. बसलेले, फाटलेले, पार गेलेले आवाज. तरुणपणी ते मुंबईत एका इस्पितळात घशाच्या डॉक्टरांच्या हाताखाली होते. तिथून लांब दांड्याचा एक छोटा गोल आरसा घेऊन आले होते. तो दिव्यावर जरा गरम करायचा, म्हणजे श्वासाने धुरकटत नाही, आणि रोग्याच्या घशाशी धरून उन्हाच्या कवडशात आत पाहायचं. कीर्तनकार, शाळामास्तर, होडीवर ओरडून ओरडून घसा बसलेले तांडेल – सगळे त्यांच्याकडे येत. बायका मात्र येत नसत. परक्या पुरुषाने गळ्याला हात लावायचा, हे कोण चालवून घेणार? म्हणून अप्पांना एखाद्या बाईला हे काम शिकवायचं होतं.

गोदू तेव्हा एकतीस वर्षांची. तेराव्या वर्षी विधवा होऊन घरी आलेली. अठरा वर्षं तिने आमच्या घरात राबण्यात घालवली. तिला स्वतःच्या पायावर उभं राहता येईल असं हे पहिलंच काम समोर आलं होतं, आणि तिने ते हातचं जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तिला एकटीला पाठवणं बरं दिसेना, म्हणून अप्पांनी वर्ग आमच्याच पडवीत भरवला आणि मी सोबतीला बसू लागलो.

गावाने चेष्टा केलीच. शेजारचे तात्या कुंपणावरून विचारायचे, आमच्या कोंबड्याचा आवाज बसलाय, बघता का गोदूताई? ती म्हणायची, आणा की, पण माझ्या इलाजात आधी महिनाभर गप्प बसावं लागतं, कोंबड्याला जमेल, तुमचं काय? मग तात्या विचारेनासे झाले.

अप्पांची शिकवण्याची एक रीत होती. रोग्याचा चेहरा पाहायचा नाही. विद्यार्थ्याने डोळे मिटून त्याच्या पाठीला पाठ लावून बसायचं. रोगी बाई असली तर अर्थात गोदूने. रोग्याने श्वास घ्यायचा, खोकायचं, लांब 'आ'कार लावायचा, तोंड मिटून हुंकार द्यायचा. हुंकार पाठीत कुठे घुमतो, कुठे तुटतो, श्वास आधी संपतो की आवाज – हे पाठीने ओळखायचं. नंतर ज्याने त्याने आपलं निदान सांगायचं आणि मग आरशात पाहून खरं-खोटं करायचं. नियम एकच: पाठ लावलेली असताना आपण आवाज करायचा नाही.

मार्गशीर्षात आक्षीची चांगुणा आली. कोळीण, वय बावीस-तेवीस, कडेवर वर्षाचा मुलगा. सोबत सासू. त्या वर्षी पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच बाहेर गेलेली तिच्या नवऱ्याची होडी परत आली नव्हती. बोलली ती सासूच.

"रातभर दर्याच्या तोंडाला उभी रावून हाका मारल्यान तिनं. सकाली बघतो तं आवाज न्हाय. आता पोराला पन हाक मारता येत न्हाय तिला, वैद्यबाबा. पोर रांगत रांगत विहिरीकडं जातंय, नि ही नुसती टाळ्या वाजवते."

मासळी विकायची तर ओरडावं लागतं, तेही बंद. घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं.

दोन्ही विद्यार्थ्यांनी बाजूला बसून ऐकून निदान केलं की घसा ओरडून दुखावलाय, त्याला विश्रांती हवी. अप्पांनाही तसंच वाटलं. ज्येष्ठमध आणि तीन आठवडे मौन. तीन आठवड्यांनी ती आली तशीच होती. आरशात पाहिलं तर घशातल्या, आवाजाच्या दोन्ही पांढऱ्या पट्ट्या स्वच्छ. सूज नाही, गाठ नाही. त्या वेळी गोदू म्हणाली, अप्पा, ती खोकते तेव्हा खणखणीत आवाज येतो. खोकल्याला आवाज आहे, तर घसा शाबूत आहे. जिला बोलता येत नाही तिला आपण गप्प बसवलं.

अप्पांनी चांगुणाला पुन्हा एकदा खोकायला लावलं. मग म्हणाले, चूक माझी. आता ही रोगी तुझी.

इलाज गोदूने आखला आणि अप्पांनी तो मान्य केला. आधी खोकायला लावायचं, खोकल्याच्या शेपटाला धरून हुंकार काढायचा, हुंकारातून अक्षर, अक्षरातून शब्द. रोज दुपारी चांगुणा आक्षीहून चालत यायची. पौष संपत आला. खोकला यायचा, पण हुंकाराशी येऊन सगळं थांबायचं. नुसती हवा. मुलगा पडवीभर रांगायचा आणि मी त्याला पायरीवरून मागे ओढत बसायचो.

एके दिवशी दोघी पाठीला पाठ लावून बसलेल्या असताना तो पायरीवरून खाली पडला. माझंच लक्ष नव्हतं. फार लागलं नाही, पण तो किंचाळला, आणि चांगुणाने त्याच्याकडे पाहून तोंड उघडलं... आणि काहीच बाहेर आलं नाही. तिचा तो चेहरा मला दिसत होता. गोदूची तिच्याकडे पाठ होती, तिला दिसत नव्हता. पण पाठीतून तिला काय कळलं कोण जाणे. डोळे मिटलेलेच ठेवून तिने स्वतः हुंकार द्यायला सुरुवात केली.

अप्पांनी हात वर केला – थांब म्हणून. ती थांबली नाही. लांब, सपाट, एका श्वासाचा हुंकार. श्वास संपला की दुसरा. चार-पाच वेळा असं झालं असेल. मग मला दोन हुंकार ऐकू येऊ लागले. मग एकच ऐकू येऊ लागला, आणि मी पाहिलं तर गोदूचे ओठ मिटलेले होते, छाती स्थिर होती. हुंकार चांगुणाचा होता.

तिने मुलाला हाक मारली. "बाला... इकरं ये."

सासू रडायला लागली. विद्यार्थी हसत होते. मी अप्पांकडे पाहिलं, ते गोदूकडे पाहत होते. कारण ती हाक आमच्या ओळखीच्या आवाजात आली होती. शब्द कोळणीचे, हेल कोळणीचा, पण आवाज... गोदूचा आवाज जरा खरखरीत होता, लहानपणच्या तापापासून, आणि वाक्याच्या शेवटी तो किंचित चिरायचा. अप्पा वर्गात त्याचं उदाहरण देत. "ये" म्हणताना तो तसाच चिरला. चांगुणाचा आवाज आधी कसा होता, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूला विचारलं. ती म्हणाली, वेगलाच हाय जरा, पन हाय ना!

त्या संध्याकाळी गोदूचा आवाज घोगरा झाला. दोन दिवसांत नुसती कुजबुज उरली. अप्पांनी आरशात पाहिलं. सगळं स्वच्छ. खोकायला लावलं तर खोकला खणखणीत. जे इलाज तिने चांगुणावर केले ते सगळे तिच्यावर करून झाले. मी मुंबईला दोन डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही घशात काही नाही असं सांगितलं. एकाने मनाला धक्का बसला आहे का असं विचारलं. मी म्हटलं, आमच्या माहितीत नाही.

जिला हुंकार देऊन दाखवता येत नाही ती इलाज काय करणार? वर्ग बंद पडला. जाताना अप्पा मला एकट्याला म्हणाले, "आवाज कुणाचा हे कळावं, एवढ्यासाठी मी तो गप्प राहायचा नियम केला होता. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं हो." ते परत आमच्या घरी आले नाहीत.

चांगुणा मात्र यायची. आठवड्यातून दोनदा मासळी घेऊन. आमच्या आळीत ती ओरडत नसे, दाराशी येऊन गुपचूप टोपली उतरवायची. गोदू तिला बसवून घ्यायची आणि खुणेने बोल म्हणायची. मग चांगुणा बोलायची – मुलाचं, सासूचं, बाजाराचं – आणि गोदू खांबाला टेकून डोळे मिटून ऐकायची. मला ते बघवत नसे. एकदा मी रागाने म्हटलं, हिला येऊ नकोस म्हणून सांगतो. गोदूने माझा हात धरला आणि कुजबुजली,

"दादा, हा आवाज माझ्याकडे होता तेव्हा त्याला कुणाला हाक मारायची होती?"

चांगुणा येत राहिली.

पाच वर्षं अशी गेली. मागच्या भाद्रपदात तापाने गोदू गेली. शेवटी कुजबुजही राहिली नव्हती. काही सांगायचं होतं का, हेही आम्हाला कळलं नाही.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. अप्पा म्हणतील योगायोग, मुंबईचे डॉक्टर म्हणतील मन. दोन्ही म्हणणी मी नाकारत नाही. वाचकांपैकी कुणाला या विषयातलं कळत असेल तर त्यांनी जरूर लिहावं. मी जे ऐकलं तेवढंच सांगितलं आहे.

तेरावं झाल्यावर चांगुणा आली. टोपली नव्हती. पायरीखाली उभी राहिली, रडली नाही, बोललीही नाही. मला वाटतं, माझ्यासमोर तोंड उघडायला ती भीत होती. गोदूने शेवटी घेतलेल्या मासळीचे चार आणे द्यायचे होते. मी आतून चार सुटे आणे आणले आणि एकेक करून तिच्या तळहातावर ठेवले. बाजारात असते तशी ती नकळत मोजत गेली. "येक... दोन... तीन... चार."

मी म्हटलं, चांगुणा, नीट मोज, एखादा कमी असेल.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पैसे पायरीवर मांडले आणि सावकाश, मोठ्याने, पुन्हा पहिल्यापासून मोजले.