‘मत’ गिळणारा सेट

शेजारच्या हिंदी राज्याची नवी राजधानी अजून अर्धी कागदावर आणि अर्धी मुरमात होती, त्या दिवसांत तिच्या पलीकडच्या माळावर एक छोटा ट्रॅक होता. तिथे मी लोकांना गाडी जोरात चालवायला शिकवायचो. जोरात म्हणजे नीट, हे समजावण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं. शिकणारा स्टिअरिंगवर, मी त्याच्या डावीकडे, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. इंजिनाच्या आवाजावर माझा आवाज चढवायचा म्हणून मी ओरडायचो, डॅशबोर्डवर थापा मारायचो, आणि संध्याकाळी चौबे कॉलोनीतल्या खोलीवर पोचेपर्यंत घसा पार बसलेला असायचा.

घसा बसला म्हणून काही अडायचं नाही म्हणा. खोलीवर बोलायला होतं कोण? मी वर्ध्याकडचा, लग्न केलं नाही, कोणी कारण विचारलं तर चिडायचो. घरमालकीण भली बाई, पण आमचं बोलणं ‘भैया, मोटर बंद कर देना’ इथे सुरू होऊन तिथेच संपायचं. रविवारी बहिणीचा फोन यायचा आणि त्यात तीच बोलायची. कधी कधी मी सदर बाजारात जाऊन नको असलेल्या वस्तूचा भाव विचारायचो, तेवढाच कोणाशी तरी शब्द. हसायचं तर हसा.

ट्रॅकच्या मालकांचे बीरगावकडे कारखाने होते, ट्रॅक ही त्यांची हौस. माझा घोगरा आवाज ऐकून एक दिवस त्यांनी हेल्मेटमध्ये बसवायचे दोन सेट ट्रायलला मागवले आणि म्हणाले, “आप चलाकर देखो. जो आप बोलोगे, वही रखेंगे.”

एक सेट तारेचा होता. दोन सीटांच्या मध्ये छोटी पेटी, तिच्यातून दोन्ही हेल्मेटना वायर. पण माइक फक्त माझ्याकडे, शिकणाऱ्याकडे नुसते स्पीकर. मी बोलायचं, त्याने ऐकायचं. दोन्हीकडून बोलता येणारी पेटीही मिळते, पण ती बाहेरून मागवावी लागणार होती. मालक म्हणाले, “बाद में देखेंगे,” आणि त्यांचं ‘बाद में’ मला चांगलं ठाऊक होतं. दुसरा सेट बिनतारी, मोटारसायकलवाले वापरतात तसला. दोघांनाही माइक, दोघांनाही स्पीकर. कोणी बोलत नसेल तेव्हा त्याचा माइक झोपलेला असतो, आवाज झाला की आपोआप जागा होतो.

बिनतारी सेट पहिल्यांदा चालवला तो काकाजींबरोबर. ते रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर, मूळचे गोंदियाचे, सगळी नोकरी याच भागात झालेली. घरात बसून कंटाळतात म्हणून मुलाने त्यांना ट्रॅकवर आणून सोडलं होतं. मला मुलगा म्हणाला, “पापा का टाइम पास हो जाएगा.” काकाजींचं म्हणणं वेगळं होतं. “जनमभर गाडी चालवली भाऊ, पन स्टेरिंग नाही भेटलं. वळवायचं कुठं, ते दुसरेच ठरवत. आता एकदा आपल्या हातानं वळवून पाहातो.”

पहिल्या वळणाआधी मी म्हणालो, “ब्रेक.” कानात आवाज आला, “ब्रेक.” मी म्हणालो, “आता सोडा.” “आता सोडा.” मला वाटलं, म्हातारा नक्कल करून राहिला की काय! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गाडी थांबल्यावर विचारलं, “काकाजी, मी म्हणतो तेच तुम्ही काहून म्हणून राहिले?”

“इंजनातली सवय आहे ना भाऊ. सिग्नल दिसला का मोठ्यानं म्हनाव लागते. मंग जोडीदार तेच म्हनते. दोघाईनं म्हटलं म्हनजे दोघाईनं पाह्यलं.”

राग कुठल्या कुठे गेला. त्यानंतर मी उगाचच जास्त सूचना द्यायला लागलो. सरळ रस्त्यावरही ‘सरळ’ म्हणायचो, कारण तिकडून ‘सरळ’ यायचं. किती तरी काळाने कोणी तरी माझ्या भाषेत, माझ्या कानात, माझ्या शब्दाला शब्द देत होतं. खोलीवर गेल्यावरही तो आवाज कानात राहायचा. मनातल्या मनात मी सेट निवडून टाकला होता. मालकांनाही तो आवडला, दिसायला झकास, वायरींचा गुंता नाही.

मग सदर बाजारातला एक दागिनेवाला शिकायला आला. गर्दीतून स्कूटर काढण्यात पटाईत, त्यामुळे मोकळा रस्ता दिसला की पाय खाली. शेवटच्या वळणात तो ॲक्सिलरेटरवर चढायला लागला, तसा मी म्हणालो, “मत दबाओ!” त्याने तळापर्यंत दाबला. गाडी स्वतःभोवती फिरली आणि उलट तोंड करून मुरमात जाऊन थांबली. धूळ बसली. दोघेही धड होतो. हेल्मेट काढून तो माझ्यावरच ओरडला, “आपने ही तो बोला, दबाओ!”

मी खोटं बोलत नव्हतो आणि तोही नव्हता. ऑफिसात दोन्ही हेल्मेट टेबलावर ठेवली, एकात बोललो, दुसऱ्याला कान लावला. इकडून ‘मत दबाओ’ गेलं, तिकडून ‘दबाओ’ निघालं. झोपलेला माइक जागा होईपर्यंत बोलण्याची सुरुवात गिळत होता. ‘छोड़ो’ आणि ‘मोड़ो’, दोन्हींचं नुसतं ‘ड़ो’ व्हायचं, आता सोडायचं की वळवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं! मराठीत म्हणून बघितलं, ‘दाबू नको’. ‘बू नको’ पोचलं. आपला नकार शेवटी येतो, तो वाचला. म्हणून तर काकाजींबरोबर कधी काही बिघडलं नव्हतं. त्यांचे शब्दही तुटकेच येत असणार, पण मीच आधी म्हटलेले म्हणून माझ्या कानाने ते पुरे केले होते.

मी सहजासहजी हार मानली नाही. आधी खाकरून माइक जागा करायचा आणि मग बोलायचं, असं करून पाहिलं. सवडीने जमायचं, पण गाडी घसरत असताना खाकरायचं कोण लक्षात ठेवतो? ‘दबाना नहीं’ म्हणायचं ठरवलं, तर घाईत जीभ पुन्हा ‘मत’वरच जायची. माइक कायम उघडा ठेवला तर वारा आणि इंजिन मिळून कान फोडायचे. तारेच्या सेटचा माइक ओठांना टेकलेला, तो झोपतच नसे, म्हणून शब्दही गिळत नसे. ट्रॅकवर येणारे बहुतेक सगळे हिंदीच बोलणारे. मराठी घरातली पोट्टीसुद्धा मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत देत. एका काकाजींसाठी बाकी सगळ्यांना मुरमात घालायचं का?

मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “तारवाला.”

“पक्का? स्टुडेंट की आवाज नहीं आएगी.”

“ज़रूरत नहीं है,” मी म्हणालो. एवढं साफ खोटं मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन. बिनतारी सेट परत गेला.

पुढच्या आठवड्यात काकाजी आले. मुलाने घेऊन दिलेल्या फेऱ्यांतला तो त्यांचा शेवटचा दिवस होता. मी वायर जोडली, गाडी निघाली. “ब्रेक,” मी म्हणालो. त्यांनी नेमक्या जागी ब्रेक दाबला. कानात काहीच आलं नाही. “आता सोडा.” काही नाही. मी मान वळवून पाहिलं. समोरून उघड्या हेल्मेटमध्ये त्यांचे ओठ हलत होते. प्रत्येक सूचनेला, प्रत्येक वळणाला, पूर्ण मनापासून.

मला राहवलं नाही. गाडी थांबल्यावर म्हणालो, “काकाजी, या सेटात तुमचा आवाज मले येत नाही. उगाच दमू नका.”

हेल्मेट काढायला त्यांना वेळ लागला. पट्टा सोडवत म्हणाले, “ठाऊक आहे भाऊ. पहिल्याच वळनावर समजलं.”

“मंग काहून बोलून राहिले?”

“घरी तरी कोनाले ऐकू येते? म्हनून म्हनायचं सोडून द्याव का?”

मला तेव्हाच सांगायचं होतं की मला तो आवाज हवा होता. माझी खोली चौबे कॉलोनीत आहे, कधीही या, काहीही बोला, नुसतं ‘सरळ’ म्हणालात तरी चालेल. आमच्या मध्ये ना हेल्मेट होतं, ना वायर, ना इंजिनाचा आवाज. तरी मी पेटीची वायर सोडवत बसलो. फाटकाशी मुलाने हॉर्न दिला. काकाजींनी हेल्मेट माझ्या हातात ठेवलं आणि गेले, आणि मी पुढच्या माणसाला आत बसायची खूण केली.