अक्कांचा शनिवार

अक्कांना अंगठ्याचा भारी राग. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी पाठवलेल्या लेखाला कुणी नुसता अंगठा टाकला, की लगेच फोन. "वाचलंस का खरंच? मग शेवटी काय आहे, सांग बघू."

बसवनगुडीत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच उद्योग मांडला. आठवडाभर इंटरनेट पालथं घालायचं आणि शनिवारी सकाळी आम्हा भाडेकरू-शेजाऱ्यांना निवडक लेख पाठवायचे. मुंग्यांची शेती, जुने नकाशे, मिठाचा इतिहास, विषयाला बंदी नाही. सोबत एक ओळ असायची, "स्वल्प लांब आहे, पण मध्येच सोडू नका." आलेलं न वाचता पुढे ढकलणाऱ्यांना त्या झापायच्या, "नैवेद्याचं चाखू नये. लेख मात्र चाखल्याशिवाय वाढू नये." स्वतः त्यांनी हा नियम कधी मोडला नाही.

मग त्यांची नजर अधू होत गेली. यात आता सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. "जेवण बंद केलं असतं तरी चाललं असतं गं," अक्का त्या दिवशी एवढंच म्हणाल्या.

आम्ही पडलो आयटीवाले. लगेच त्यांच्या फोनवर लेख वाचून दाखवणारं अ‍ॅप घालून दिलं. त्याने लेखाच्या मधल्या साड्यांच्या जाहिरातीही त्याच गंभीर सुरात वाचल्या. अक्कांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "सरी, ठीक आहे. पण हा हसत नाही बघ कुठंच. तुम्हीच वाचा."

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही पाळीपाळीने वाचू लागलो. लेखही आम्हीच शोधायचे, आणि तिथेच आमची त्रेधा उडायची. दोन परिच्छेद ऐकून त्या हात वर करायच्या. "लिहिणाऱ्यालाच कंटाळा आलाय. दुसरं काढ." आपल्यासाठी त्या आठवडाभर किती खपत होत्या, ते तेव्हा कळलं.

आता मी पुण्यात असते. माझी पाळी फोनवरून. गेल्या शनिवारी वटवाघळांवरचा लेख अगदी रंगात आला होता आणि पलीकडून हूं नाही की चूं नाही.

"अक्का? अक्का, आहात ना?"

"आहे गं. वाच तू. संपेपर्यंत मी कुठं जाते?"